सासूबाईंचे गुडघे, डब्यातली पुडी आणि तुझी बोटं

ताई, नमस्कार. आम्ही नेरूळला राहतो. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, चार वर्षं झाली गुडघे दुखतात. डॉक्टरांनी एक्स-रे काढून "गॅप कमी झालाय, वजन कमी करा, व्यायाम करा" सांगितलं, त्या फिजिओला दोनदा गेल्या आणि सोडून दिलं. घरात मेथी, हळद-दूध, रुईची पानं, तेल सगळं चालू आहे. दोन महिन्यांपासून नात्यातल्या एकांनी आणून दिलेली पुडी घेतायत, महिन्याला १५०० रुपये. चार दिवसांत दुखणं गेलं, आता जिना चढतात. पण चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि शुगर वाढलीये. नवरा म्हणतो, बरं वाटतंय ना, मग राहू दे. मी बोलले की मी वाईट. घरगुती उपाय चांगले की डॉक्टरचे, एकदा स्पष्ट सांगा, मी त्यांना वाचून दाखवेन.
ता.क. माझीही बोटं गणपतीपासून सकाळी आखडतात, तासभर मूठ वळत नाही, दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवता येईना. पाण्यातल्या कामाने असेल. एखादं तेल सांगा.

अगं, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ता.क. मध्ये टाकलीयस. सासूबाईंबद्दल एवढं सगळं आणि स्वतःच्या हातांबद्दल दोन ओळी, त्यासुद्धा तेल विचारायला. मी ठाण्यात नौपाड्यात २२ वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि हे कायम बघते, बाई घरातल्या कुणाला तरी घेऊन येते, अर्धा तास त्यांच्याबद्दल बोलते, आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणते, मॅडम, माझा पण हात बघता का जरा. म्हणून आधी तुझं.

पाण्यातल्या कामाने मूठ तासभर वळेनाशी होत नाही. झिजेच्या दुखण्यातही सकाळी आखडतं, पण ते दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटतं, जरा हालचाल केली की मोकळं होतं. तासभर आखडून राहणं आणि तेही आठवड्यांमागून आठवडे, हे सांध्याला आतून सूज असल्याचं लक्षण असतं. आता एवढं कर, बोटं जिथे तळव्याला जोडलेली असतात ते उंचवटे आणि बोटांची मधली पेरं नीट बघ, दोन्ही हातांची. फुगलीयत का, दाबल्यावर दुखतात का, कुणी हात मिळवताना जरा जोरात दाबला तर कळ येते का, लोकलमध्ये दांडा धरायला त्रास होतो का, अंगठी चढेनाशी झालीये का. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर तेही आठव, कारण चिकनगुनियानंतर महिनोन्महिने बोटं अशीच धरतात. नसेल तर मला भीती वाटते ती आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची. भीती हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, पण तुला घाबरवायला नाही, उशीर होऊ नये म्हणून.

यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि सुरू व्हायला म्हातारपण लागत नाही, तिशी-चाळिशीतही सुरू होऊ शकतो. सूज तशीच राहिली की हळूहळू कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, आणि हाड खाल्लं जातं आणि जे खाल्लं गेलं ते कुठल्याच औषधाने परत भरत नाही. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या गाइडलाइन्स म्हणतात की लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत पेशंट तज्ज्ञाने बघितलेला असावा आणि तीन महिन्यांत औषध सुरू झालेलं असावं. गणपती ते आज मोज. म्हणून तुला तेल सांगत नाही, या आठवड्याची अपॉइंटमेंट घे म्हणून सांगते, आणि ती हाडाच्या डॉक्टरांची नाही, रुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे संधिवात तज्ज्ञाची. वाशी-नेरूळमध्ये आणि ठाण्यात मिळतील, पैशाची अडचण असेल तर परळला केईएममध्ये संधिवाताची ओपीडी आहे. ते ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी अशा रक्ताच्या टेस्ट करायला सांगतील. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं समजून घरी बसू नकोस, निगेटिव्ह येऊनही आमवात असू शकतो, निदान डॉक्टर नुसत्या रिपोर्टवर नाही, हात बघूनही करतात.

निदान झालंच तर बहुतेकांना पहिलं औषध मेथोट्रेक्सेट मिळतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या एका वारी, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. नेटवर वाचून घाबरशील, त्यापेक्षा प्रश्न लिहून ने. वेळेवर सुरू केलेल्या माझ्या पेशंट आज पोळ्या लाटतात, टायपिंग करतात, लोकलने जातात-येतात. आणि एक जण होती, तिने दीड वर्ष वेगवेगळी तेलं लावली, ती माझ्याकडे आली तेव्हा बोटं बाहेरच्या बाजूला वळायला लागली होती, त्या हातांकडे बघून मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही.

आता ती पुडी.

काय आहे त्यात हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, आणि ज्यांनी दिली त्यांनाही बहुधा माहीत नसणार. पण चार वर्षांचं दुखणं चार दिवसांत गायब, चेहरा गोल, शुगर वर, हे तीन एकत्र आले की कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो स्टिरॉइड. संधिवाताच्या "आयुर्वेदिक" म्हणून विकलेल्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड्स, शिवाय डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर कुटून मिसळलेली सापडलीयत, आणि आयुर्वेद शिकलेल्या चांगल्या वैद्यांनाही याचा तेवढाच राग येतो. स्टिरॉइड हे काही वाईट औषध नाही, डॉक्टर मोजून-मापून देतात तेव्हा जीव वाचवतं. पण किती, किती दिवस, कशासाठी हे काहीच माहीत नसताना शुगर असलेल्या बाईने दोन महिने घेणं म्हणजे शुगर वाढणार, बीपी वाढणार, हाडं ठिसूळ होणार, जखम भरणार नाही.

आणि आता नीट वाच, पुडी रागारागाने कचऱ्यात टाकू नकोस. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की आपल्या शरीरातल्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं बनवायचं काम मंद करतात, एकदम बंद केलं तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, हॉस्पिटलात न्यायची वेळ येऊ शकते. उद्याच, डबा आणि उरलेल्या पुड्या घेऊन, त्यांच्या शुगरच्या डॉक्टरकडे जा. ते तपासून ठरवतील कसं कमी करायचं. तोपर्यंत घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज शुगर बघून लिहून ठेव. मधेच उलट्या झाल्या, गळून गेल्या, तर वाट न बघता हॉस्पिटल, आणि तिथे "दोन महिने पुडी चालू आहे" हे पहिलं वाक्य. पुडीच्या आधी त्या दुकानातून आणून पेनकिलर घेत होत्या का तेही विचार, बीपीच्या गोळ्या चालू असताना त्या गोळ्या किडनीला जड जातात.

नवऱ्याला सांग की "बरं वाटतंय" हे खरं आहे, आईंचं दुखणं खरंच कमी झालंय, त्या खोटं बोलत नाहीत. फक्त कशाने कमी झालंय ते कुणाला माहीत नाही, आणि ते शोधणं मुलाचं काम आहे, सुनेचं नाही.

तू विचारलंस, घरगुती चांगलं की डॉक्टरचं. मी या प्रश्नाला उत्तर देत नाही कारण त्यातून घरात दोन पार्ट्या पडतात आणि गुडघा मधेच राहतो. कुठल्याही उपायाला दोनच प्रश्न विचारायचे, याने फायदा होतो हे कुणी नीट मोजून बघितलंय का, आणि याने नुकसान काय होऊ शकतं. झाडपाल्यालाही तेच आणि इंजेक्शनलाही तेच. गाउटवर, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने होणाऱ्या सांधेदुखीवर, दिलं जाणारं कॉल्चिसिन एका फुलझाडापासून आलंय, मिरचीतला कॅप्सेसिन आज सांधेदुखीच्या मलमात आहे. झाडातून आलं म्हणून कमी नाही, मोजलं की त्याचं औषध झालं.

तुझ्या यादीतल्या गोष्टी घे. हळद-दूध चालू दे, आवडतं तर. पण हळदीतला ज्याचा गुण सांगतात तो घटक, कर्क्युमिन, असतो साधारण तीन टक्के आणि त्यातलंही आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, त्यामुळे कपभर दुधाने गुडघा बरा होईल ही अपेक्षा नको. कर्क्युमिनच्या जास्त ताकदीच्या अर्कावर झालेल्या काही छोट्या अभ्यासांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसलंय, पण त्या कॅप्सूल रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर घेऊ नयेत आणि काही लोकांच्या लिव्हरला त्याने त्रास झालाय, तेव्हा स्वतःच्या मनाने नको. मेथी भाजीत, लाडवात ठीक, पण वाटीभर भिजवून रोज, आणि वर शुगरच्या गोळ्या, तर शुगर खालीही जाऊ शकते, डॉक्टरला सांगून. डिंकाचे लाडू थंडीत खाल्ले की बरं वाटतं हे मलाही मान्य आहे, माझी आई करायची, पण तूप-गूळ-खोबरं पोटात जातं ते वजनात दिसतं आणि शुगरमध्येही.

गुळवेल यादीत नाही पण घरोघरी असते म्हणून सांगते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखली गेली नसेल, पण पुढच्याच वर्षी देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटल्समधून असे ४३ पेशंट नोंदले गेले. आणि तुझ्यासाठी हे जास्त महत्त्वाचं, कारण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलीये त्याने "इम्युनिटी वाढवायचा" काढा प्यायचा नसतो.

रुईची पानं मात्र आजपासून बंद. त्याचा चीक कातडीला भाजतो आणि पान बांधलेल्या हाताने डोळा चोळला तर बुबुळाला इजा होते. लसणाचा लेपही नको, फोड येतात. आणि बिब्बा, जो आपल्याकडे अजून गुडघ्यावर लावतात, तो तर घरातही ठेवू नका. माझ्या आजीच्या उजव्या गुडघ्यावर बिब्ब्याचा काळा डाग ती जाईपर्यंत होता, शुगर नव्हती म्हणून जखम भरली तरी. शुगरवाल्या पायाला अशी जखम झाली तर गोष्ट कुठवर जाते हे मी बघितलंय.

डॉक्टरकडे मिळतं ते सगळं मोजलेलं असतं असंही नाही गं. दुर्बिणीने गुडघा "साफ" करायचं ऑपरेशन खूप वर्षं चाललं, २००२ मध्ये अमेरिकेत काही पेशंटवर ते केलं आणि काहींना नुसतेच कातडीला छेद देऊन टाके घातले, दोन वर्षांनी दोघांचं दुखणं सारखंच होतं. स्वतःच्याच रक्तातलं काढून परत गुडघ्यात टोचतात ते पीआरपी, हजारो रुपये, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना केली तर वर्षभराने दुखण्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. गुडघ्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचंही तसंच. तेव्हा कुणी "ग्रीस संपलंय, इंजेक्शन भरू" म्हणालं तर तेच दोन प्रश्न विचार. गुडघा बदलायचं ऑपरेशन मात्र खरंच उपयोगी आहे, पण ज्यांना रात्री झोप लागत नाही, चालणंच थांबलंय, बाकी सगळं करून झालंय त्यांना, आणि २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर मर्यादा घातलीये, तेव्हा बिल समजून घ्यायचं. आईंची ती वेळ आलेली दिसत नाही.

आता हे आईंना वाचून दाखव.

आई, नमस्कार. तुमच्या सूनबाईंनी तक्रार केलेली नाही, काळजीने लिहिलंय. तुम्हाला वाटलं असेल, डॉक्टरने औषधच दिलं नाही, नुसता व्यायाम सांगून घरी पाठवलं. मलाही पेशंट हेच म्हणतात, मॅडम, चालूनच तर गुडघा झिजला आणि तुम्ही अजून हलवायला सांगता. पण आई, गुडघ्यातली जी गादी आहे ना, कूर्चा, तिला रक्तवाहिन्या नसतात. पाय हलला, वजन पडलं आणि सुटलं, की स्पंजसारखं तिच्यात पाणी आणि पोषण आत-बाहेर होतं. बसून राहिलं की तेही बंद. आणि मांडीचा पुढचा स्नायू पायरीचा दणका आधी स्वतः झेलतो, तो वाळला की सगळा दणका हाडावर. जगभरच्या गाइडलाइन्समध्ये गुडघ्याच्या झिजेला व्यायाम पहिल्या नंबरवर आहे, गोळ्या त्याच्या मागे. एक्स-रेवर किती गॅप आहे त्यावर किती दुखणार ते ठरत नाही, खराब एक्स-रेवाले लोक मी उपवन तलावाकाठी आरामात फेऱ्या मारताना बघते.

तेल तुम्ही बंद करू नका. तेल कातडीतून झिरपून गादीपर्यंत पोचत नाही, पण चोळल्याने स्नायू सैल होतात, बरं वाटतं, ते कशाला सोडायचं. फक्त एक करा, तेल लावायच्या आधी भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, सोफा नको, तो खोल असतो, आणि हात न टेकता उठा-बसा. जमलं तर दहा वेळा, नाही जमलं तर चार. सुरुवातीला हात टेकलात तरी चालेल. मग पलंगावर पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, दहा-दहा वेळा दोन्ही पायांना. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, जरा थांबायचं, हळू खाली. मग तेल. करताना थोडं दुखेल, दहात तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलं तर ते चालतं, जास्त दुखलं तर आकडा कमी करा, बंद करू नका. दोन वेळा फिजिओला जाऊन फरक पडला नाही म्हणालात, दोन वेळा जाऊन कुणालाच पडत नाही, याला सहा ते आठ आठवडे लागतात आणि ही गोष्ट तुम्हाला आधी कुणी सांगायला हवी होती.

शेकायचं तर पिशवीवर टॉवेल गुंडाळून पंधरा मिनिटं, आणि पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणीतरी हात लावून बघायचं, शुगरमुळे पायाला चटका कळत नाही कधी कधी. गुडघ्यावर लावायची डायक्लोफेनॅकची जेल मिळते, पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा रक्तात फार कमी जाते, तुमचं बीपी आणि किडनी बघून डॉक्टर सांगतील ती लावा, आणि एकदा लावून सोडू नका, सांगतील तितक्या वेळा रोज लावा. पूजेला खाली बसू नका, देव्हारा उंचावर घ्या आणि खुर्चीवर बसून करा, देवाला चालतं. काठी घ्यायला लाजू नका, आणि उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर काठी डाव्या हातात, बहुतेक लोक उलटी धरतात. वजनाचं तुम्हाला सगळे टोचून बोलत असतील, मी एवढंच सांगते, वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. पाच किलोचे वीस झाले. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तो सपाट ट्रॅक आहे पाण्याकाठचा, संध्याकाळी पुतळ्यासारखं बाकावर बसण्याआधी दहा मिनिटं चालून या, मग बारा करा, मग पंधरा.

पुडीबद्दल मी तुमच्या मुलाशी बोलायला सांगितलंय. तुम्हाला आराम पडला याचा मला आनंद आहे, खरंच, चार वर्षांनी जिना चढायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पुडी कमी होताना दुखणं परत वर येईल, त्या दिवसांत व्यायाम आणि जेल सोडू नका आणि डॉक्टरांना फोन करा, पुन्हा पुडीकडे जाऊ नका.

इथपर्यंत त्यांना वाच. पुढचं तुझ्यासाठी.

आईंना तेल लावून द्यायचं काम सध्या तुझ्याकडे असेल तर ते आजपासून नवऱ्याकडे दे. सुजलेल्या बोटांनी चोळायचं नाही, पिळायचं नाही, पीठ मळायचं नाही. तो आईंना पुडीसकट डॉक्टरकडे नेईल, त्याच आठवड्यात तू तुझ्या अपॉइंटमेंटला जाशील, दोन्ही एकमेकांसाठी थांबवू नका. आणि उद्या सकाळी उठल्या उठल्या, चहा करायच्याही आधी, दोन्ही हातांचे फोटो काढ, एक पंजा उघडा ठेवून, एक मूठ जेवढी वळेल तेवढी वळवून, रोज काढत जा अपॉइंटमेंटपर्यंत, कारण डॉक्टरांकडे दुपारी नंबर लागेपर्यंत सूज बऱ्यापैकी उतरलेली असते आणि मग आपल्यालाच वाटतं की उगीच आलो.